अमृतमंथन

प्रभात फिल्म कंपनीने मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढलेला बोलपट (१९३४). दिग्दर्शक व्ही. शांताराम. नारायण हरी आपटे यांच्या भाग्यश्री या कादंबरीवर तो आधारलेला आहे. देवतेच्या नावाने चालणारा जुलूम, त्यातून घडणारा राजवध, विश्वासघात व सूड हे त्याचे विषय आहेत. रूढ अर्थाने हा भुताखेतांचा चित्रपट नव्हे; तथापि भीती ही एक राजकीय शक्ती आहे आणि ती कोणीतरी हेतुपूर्वक निर्माण करीत असतो, हे दृश्यांच्या द्वारा दाखविणारा भारतातील आरंभीचा महत्त्वाचा बोलपट म्हणून त्याचा निर्देश करावा लागतो. मराठी भयपटाचा पूर्वेतिहास पाहताना त्याला वगळता येत नाही.

पार्श्वभूमी : परकीय सत्तेखालील महाराष्ट्रात जुलूम व सूड हे विषय पौराणिक अथवा ऐतिहासिक वेषातच मांडावे लागत. कृ. प्र. खाडिलकर यांचे कीचकवध हे नाटक (१९०७) या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. त्यातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी हेच कथानक सैरंध्री या मूकपटात (१९२०) आणले. त्यातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते, की ते अभ्यवेक्षण मंडळाने कापावयास लावले. मराठी पडद्यावरील भयाचा पहिला मोठा प्रसंग अशा रीतीने एका जुलमी पुरुषाच्या वधाचा होता, ही बाब लक्षणीय आहे. नाशिकला कार्य करणारे दादासाहेब फाळके यांनीही लंकादहन (१९१७) व कालियामर्दन (१९१९) या मूकपटांत अक्राळविक्राळ शत्रू आणि त्याचे पारिपत्य यांचे दर्शन युक्तिछायाचित्रणाने घडविले होते. परंतु त्यांचा परिणाम मुख्यतः अद्भुताचा होता, दहशतीचा नव्हता.

शांताराम यांची उमेदवारी बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली झाली. पेंटरांच्या सावकारी पाश (१९२५) या मूकपटात त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. १ जून १९२९ रोजी वि. गो. दामले, सा. फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्या समवेत त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तिचा स्वराज्याचे तोरण हा शिवकालीन मूकपट सरकारी आक्षेपामुळे उदयकाल (१९३०) या नावाने प्रदर्शित करावा लागला. पुढे संत एकनाथांवरील महात्मा या बोलपटाचे नावही बदलून धर्मात्मा (१९३५) असे करावे लागले. या दोन घटनांच्या मधोमध अमृतमंथन निघाला. सत्तेविषयी जे उघडपणे बोलता येत नव्हते, ते काल्पनिक प्राचीन राज्याच्या कथेतून सांगण्याची सोय त्यात होती.

निर्मिती : १९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूरहून पुण्यास स्थलांतर केले. तेथील नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट म्हणजे अमृतमंथन होय. त्याच वर्षी सैरंध्री या बोलपटाच्या रंगीत प्रती काढून घेण्यासाठी शांताराम जर्मनीस गेले होते. रंगांचा तो प्रयोग समाधानकारक ठरला नाही. पण जर्मन चित्रपटसृष्टीशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय झाला. रोबेर्ट व्हीने यांचा डॉ. कालिगारी (१९२०) आणि एफ. व्ही. मुर्नाऊ यांचा नोस्फेराटू (१९२२) या जर्मन मूकपटांनी छायाप्रकाशाचा तीव्र विरोध, लांबट सावल्या, तिरपे दृश्यकोन व कृत्रिम नेपथ्य यांच्या साहाय्याने पात्रांची मनोवस्था बाह्य दृश्यात उतरविण्याची अभिव्यक्तिवादी रीत रूढ केली होती. अमृतमंथनमध्ये या रीतीचे संस्कार स्पष्ट दिसतात. नेपथ्याची बाजू फत्तेलाल यांनी, ध्वनिमुद्रणाची दामले यांनी व छायाचित्रणाची धायबर यांनी सांभाळली. संगीत केशवराव भोळे यांचे असून गीतरचना शांताराम आठवले यांची आहे.

कथानक : चंडिकेच्या उत्सवात पशुबली व नरबली देण्याची प्रथा विचारी राजा क्रांतिवर्मा आज्ञा काढून बंद करतो. बळीची प्रथा गेली, की आपली सत्ताही जाणार, हे राजगुरू ओळखतो. मशालींच्या उजेडात एका भुयारात आपल्या गुप्त अनुयायांची सभा भरवून तो राजाच्या वधाचा कट रचतो आणि ही कामगिरी यशोधर्मा या अनुयायावर सोपवितो. यशोधर्मा राजाचा वध करतो. परंतु काम होताच राजगुरू त्यालाच अपराधी म्हणून उघड करतो व मृत्यूच्या हवाली करतो. यशोधर्म्याची मुले माधवगुप्त व सुमित्रा यांच्यावर पित्याच्या कृत्याचा कलंक आणि त्याच्या फसवणुकीचे दुःख असा दुहेरी भार येतो. क्रांतिवर्म्यानंतर मोहिनी राणी होते. पण तिच्या आडून राज्य राजगुरूच चालवितो. अखेरीस सत्य उघडकीस येते, प्रजा खवळून उठते आणि राजगुरू देवीपुढे स्वतःचेच शिर अर्पण करतो.

कथानकाच्या रचनेत सुडाला मिळालेली कलाटणी महत्त्वाची आहे. राजाचा घात करणारा हात यशोधर्म्याचा असला, तरी खरा घातकी राजगुरू आहे. म्हणून मारेकऱ्याची मुले आणि मारल्या गेलेल्या राजाची वारसदार ही परस्परांची शत्रू न राहता एकाच अन्यायाचे बळी ठरतात. घराण्याने घराण्याचा घ्यावयाचा सूड मागे पडून त्याच्या जागी जुलमाच्या मुळाचा शोध येतो. राजगुरूचा अंतही नायकाच्या शस्त्राने होत नाही. ज्या श्रद्धेचा त्याने इतरांना मारण्यासाठी उपयोग केला, तिच्या तर्काला तो स्वतःच बळी पडतो. तो केवळ ढोंगी नसून आपल्या देवतेवर त्याचा खरोखर विश्वास आहे, हे या शेवटावरून सूचित होते. आणि त्यामुळेच तो अधिक भयंकर वाटतो.

चित्रपटाचे नाव देव व दानव यांनी केलेल्या समुद्रमंथनाच्या पुराणकथेवरून घेतले आहे. त्या मंथनातून अमृताआधी हलाहल वर आले. समाजाचे मंथन होऊ लागले, की प्रथम विषच वर येते, असा अर्थ या नावातून निघतो. बळीच्या प्रथेवरून राजा व पुरोहित यांच्यात उद्भवणारा संघर्ष रवींद्रनाथ टागोर यांच्या विसर्जन (१८९०) या बंगाली नाटकातही आढळतो. त्या नाटकातही राजा बळीची प्रथा बंद करतो आणि पुरोहित त्याच्या वधाची योजना आखतो. दोन्ही कलाकृतींतील हे साम्य विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

दृश्यरचना : चित्रपटाच्या आरंभीचे भुयारातील सभेचे दृश्य विशेष प्रसिद्ध आहे. खालच्या कोनातून फिरत जाणारा कॅमेरा, ज्वालांचा हलता उजेड आणि काळोखात अर्धवट बुडालेले चेहरे यांमुळे प्रेक्षक कटवाल्यांच्या वर्तुळात जणू ओढला जातो. आरंभीच्या बोलपटांत ध्वनिग्राहकाच्या मर्यादेमुळे कॅमेरा बहुधा एका जागी खिळून राही व चित्रपटाला चित्रित केलेल्या नाटकाचे रूप येई. त्या काळात कॅमेऱ्याची अशी हालचाल ही मोठीच प्रगती होती.

याहून अधिक चर्चा झाली ती राजगुरूच्या डोळ्याच्या समीपदृश्याची. टेलिफोटो भिंगाचा वापर करून शांताराम यांनी केवळ एक डोळा पडदाभर दाखविला. भारतीय चित्रपटात अशा भिंगाचा असा उपयोग पूर्वी झालेला नव्हता. हे दृश्य चमत्कृतीसाठी योजलेले नाही. राजगुरूची सत्ता शस्त्रबळावर उभी नसून इतरांना दिपवून टाकणाऱ्या त्याच्या नजरेवर उभी आहे, हे ते एका क्षणात सांगते. पाहणारा तो आणि पाहिले जाणारे बाकीचे सर्व, असा सत्तेचा संबंध त्या डोळ्याने प्रस्थापित होतो. देवीच्या मूर्तीसमोर मानवी आकृती खुज्या करणारे भव्य नेपथ्यही याच हेतूला साहाय्यभूत ठरते.

भूमिका : हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी, तर मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी केली. चंद्रमोहन यांचा हा पहिलाच चित्रपट होय. त्यांचे मोठे, फिक्या रंगाचे डोळे हीच त्या भूमिकेची ओळख ठरली व या एका चित्रपटाने ते अखिल भारतीय कीर्तीचे नट झाले. पुढे पुकार (१९३९) व रोटी (१९४२) या हिंदी चित्रपटांतील त्यांच्या भूमिकाही गाजल्या. दाते हे मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ नट होते. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकातून त्यांच्या संयत, वास्तवाभिमुख अभिनयाचा प्रत्यय आला होता. एकच पात्र एका आवृत्तीत नजरेवर, तर दुसरीत प्रामुख्याने रंगभूमीवर घडलेल्या वाणीवर उभे राहिले, असे या दोन नटांच्या प्रकृतीवरून म्हणता येईल.

सुमित्रेच्या भूमिकेतील शांता आपटे यांच्या गायनाने त्या लोकप्रिय झाल्या. मोहिनीची भूमिका नलिनी तर्खड यांनी केली. माधवगुप्ताच्या भूमिकेत किराणा घराण्याचे गायक सुरेशबाबू माने होते. भयानक रसाच्या चित्रपटात गीतांना वाव कसा द्यावयाचा, हा प्रश्न येथे पात्रांच्या वाटणीने सोडविलेला दिसतो : गाणे हे पीडितांच्या बाजूचे, तर कुजबूज, आज्ञा व शांतता ही राजगुरूच्या बाजूची.

देवी आणि पुरोहित : ज्या प्रेक्षकवर्गापुढे हा चित्रपट आला, त्याच्या जीवनात देवीचे स्थान मोठे होते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी किंवा मुंबई–आग्रा मार्गावरील चांदवड (जि. नासिक) येथील डोंगरातली रेणुका ही लोकांची कुलदैवते होत. देवीला आई म्हणणाऱ्या समाजापुढे चंडिकेच्या नावाने चालणारा रक्तपात मांडणे धाडसाचे होते. चित्रपटाने देवीचा उपहास केला नाही. देवी आणि तिच्या नावाने बोलणारा मनुष्य यांच्यात त्याने फरक केला. दोष ठेवला तो मध्यस्थाच्या सत्तेवर. ही भूमिका महाराष्ट्रातील संतपरंपरेला जवळची होती. देवापुढे मुकी जनावरे मारू नका, असा उपदेश याच काळात संत गाडगेमहाराज (१८७६–१९५६) कीर्तनांतून गावोगाव करीत होते.

धर्मस्थानावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या वर्षांत केवळ कथेपुरता उरलेला नव्हता. नासिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला व तो पुढील काही वर्षे चालला. चांदवडच्या शेजारच्याच येवले तालुक्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. अमृतमंथन या चळवळीविषयी काही सांगत नाही. त्यात अस्पृश्यतेचा प्रश्नही नाही. परंतु पुरोहिताची आज्ञा म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, हे त्याचे प्रतिपादन अशा काळात पडद्यावर आले, ही गोष्ट त्याचे मोल ठरविताना ध्यानात घ्यावी लागते.

समकालीन भयपटांशी तुलना : याच सुमारास अमेरिकेत वसाहतींतील अरण्यांच्या पार्श्वभूमीवर सूड व जुलूम यांच्या भयकथा निघत होत्या. टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित वेस्ट ऑफ झांझिबार (१९२८) या मूकपटात लॉन चेनी याने पांगळ्या झालेल्या जादूगाराची भूमिका केली. आपली पत्नी नेणाऱ्या माणसाचा सूड घेण्यासाठी तो आफ्रिकेच्या अरण्यात ठाण मांडतो, हातचलाखीच्या जोरावर तेथील लोकांना धाकात ठेवतो आणि शत्रूची समजून एका मुलीला अधोगतीला लावतो. ती त्याचीच मुलगी असल्याचे त्याला फार उशिरा कळते. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने याच कथेवर काढलेला काँगो (१९३२) हा बोलपट अधिक उग्र होता. विल्यम काउअन दिग्दर्शित या चित्रपटातील चाकांच्या खुर्चीला खिळलेला फ्लिंट वॉल्टर ह्यूस्टन याने साकारला. मूळ नाटकातही (१९२६) त्यानेच ही भूमिका केली होती.

फ्लिंट आणि राजगुरू यांच्यातील साम्य सहज ध्यानात येते. दोघेही अंधश्रद्धेचा उपयोग शासनयंत्रणेसारखा करतात, दोघेही इतरांच्या शरीरावर व मनावर ताबा मिळवितात आणि दोघांचाही शेवट स्वतःच उभारलेल्या यंत्रणेत होतो. भेद आहे तो प्रजेच्या चित्रणात. काँगोमधील आफ्रिकी माणसे हा केवळ एक भोळा व हिंस्र जमाव आहे. त्यांना व्यक्तित्व नाही, फ्लिंटविरुद्ध उभे राहण्याची शक्ती नाही, आणि सूडाची देवघेव गोऱ्या पात्रांतच होते. वास्तविक काँगोच्या अरण्यात खरी दहशत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी राज्यात (१८८५–१९०८) रबराच्या वसुलीसाठी माजली होती. हजारो माणसे मारली गेली, अनेकांचे हात तोडले गेले. त्या इतिहासाचा चित्रपटात मागमूस नाही. भयाचा उगम तेथील अरण्यात व तेथील लोकांत आहे, अशीच प्रेक्षकाची समजूत होते. अमृतमंथन हा वसाहतीत राहणाऱ्यांनी स्वतः काढलेला चित्रपट होय. त्यात अंधश्रद्धा हा लोकांचा जन्मजात स्वभाव म्हणून येत नाही; ती राखणारा एक हितसंबंधी वर्ग आहे, तिला विरोध करणारा राजाही त्याच समाजातला आहे आणि तिचा शेवट करणारी प्रजाही त्याच समाजातली आहे. बाहेरून कोणी उद्धारक येत नाही. परकीय सत्ता आपल्या राज्याचे समर्थन सुधारणेच्या नावाने करीत असता, समाज आपल्या रूढी स्वतः मोडू शकतो, हे म्हणणे राजकीयदृष्ट्याही अर्थपूर्ण होते.

मर्यादा : चित्रपटाला काही मर्यादाही आहेत. प्रजेचा उठाव अखेरच्या भागात येतो. त्यापूर्वीचा संघर्ष राजवाडा व मंदिर यांच्यापुरताच राहतो. बळींच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसांची बाजू फारशी पुढे येत नाही. चांगला राजा विरुद्ध वाईट गुरू अशी विभागणी असल्याने राजसत्तेच्या जुलमाचा प्रश्न टळतो. संवादांवर रंगभूमीची छाप असून काही प्रसंग कृत्रिम वाटतात. तरीही भयाचे तंत्र आणि विचार यांची सांगड येथे तुटत नाही.

प्रभाव : अमृतमंथनला मोठे यश मिळाले. मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा करणाऱ्या आरंभीच्या बोलपटांत त्याची गणना होते. यानंतर शांताराम यांनी कुंकू (१९३७), माणूस (१९३९) व शेजारी (१९४१) या चित्रपटांत समकालीन सामाजिक प्रश्न थेट हाताळले. कुंकू या चित्रपटाचा आधारही आपटे यांचीच कादंबरी होती, आणि त्यातील म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते, तर जरठविवाह नाकारणाऱ्या तरुणीच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. अमृतमंथनमधील मंदिराचा जुलूम तेथे घराच्या चार भिंतींत आला, असे म्हणता येते.

पुढील काळातील हिंदी भयपट महल (१९४९) याच्या वळणाने पछाडलेल्या वास्तू व पुनर्जन्म यांच्याकडे, तर १९७० नंतर रामसे बंधूंच्या चित्रपटांतून प्रेते व पिशाच यांच्याकडे वळला. भय आणि सामाजिक सत्ता यांचा अमृतमंथनने जोडलेला संबंध त्यात बहुधा क्षीण झाला. राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात, ब्रिटिश अमदानीतील कोकणच्या पार्श्वभूमीवर, लोभ आणि वारसा यांच्या रूपाने तो पुन्हा प्रकट झाला.

प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. जानेवारी २००३ मध्ये या आवारातील नायट्रेट फिल्मींच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा नष्ट झाला. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते आणि काळाच्या ओघात आपोआपही विघटित होते. त्यामुळे त्या काळच्या चित्रपटांचे जतन हे नव्या फिल्मवर व संगणकीय माध्यमावर वेळीच प्रती काढण्यावर अवलंबून असते. अमृतमंथनसारख्या दोन भाषांतील चित्रपटाच्या बाबतीत ही निकड दुप्पट होते. कारण त्याच्या प्रत्येक आवृत्तीतील राजगुरू हा वेगळ्या नटाची स्वतंत्र निर्मिती आहे.